होळीनंतर शिडाची होडी पाण्यात उतरवायची आहे. वर्षभर नागपूरच्या उन्हात राहिलेल्या होडीत आधी काय तपासावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईकडून जुनी एंटरप्राइज जातीची, दोघांनी चालवायची छोटी फायबरची होडी विकत घेतली. गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती नागपुरात आली आणि तेव्हापासून घरामागे ट्रॉलीवर ताडपत्रीखाली उभी आहे. होळी झाली की रामटेकजवळच्या खिंडसी तलावात उतरवायची आहे. बुडाला अँटीफाउलिंग (शिंपले चिकटू न देणारा) रंग लावा असं कोणी सुचवलंय, नवीन शीड घ्या असं दुसऱ्याने. बजेट मर्यादित आहे, मग पैसा आधी कुठे घालायचा? आणि अकरा वर्षांच्या मुलीला पहिल्याच दिवशी सोबत न्यावं का?

रंग आणि शीड दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. आधी तरंगण्याच्या टाक्या, मग रडर (सुकाणू), मग मास्टच्या (डोलकाठीच्या) तारा. या तिन्हींचं काम पूर्ण झाल्यावर पैसे उरले तर बाकीचं बघू. रंग उडालेली, फिक्या शिडाची होडी तुम्हाला सुखरूप परत आणते. चकचकीत होडीच्या टाकीत पाणी शिरत असेल तर ती एकदा उलटल्यावर सरळच होत नाही.

वसंतात होडी उतरवण्याच्या ज्या याद्या इंटरनेटवर सापडतात त्या बहुतेक थंड देशांतल्या असतात. तिकडे होडी हिवाळाभर झाकून ठेवतात, म्हणून त्यांची सगळी काळजी बर्फाची: साठलेलं पाणी गोठून काही फुटलं का, इंजिनाच्या नळ्या तडकल्या का. आपल्याकडे होडीचं नुकसान एप्रिल-मे करतात. पारा 45 च्या वर, दुपारच्या हवेत ओलावा 20 टक्क्यांच्याही खाली, आणि ताडपत्रीखाली तर भट्टीच. तुमची होडी तो पूर्ण उन्हाळा आणि मागोमाग पावसाळा काढून बसली आहे. तेव्हा उन्हाने काय केलं हे शोधायचंय, एवढं मनात धरून ताडपत्री काढा.

काढताना हातात मोजे आणि पायात बूट असू द्या. अंधाऱ्या कोपऱ्यांत विंचू, गांधीलमाशा, उंदराचं घरटं, काहीही असू शकतं. उंदरांनी दोर कुरतडले असतील तर ते लगेच दिसतं. न दिसणारी भानगड कुंभारीण माशीची. तिला पेन्सिल जाईल एवढं भोक आवडतं, आणि होडीत अशी भोकं भरपूर: पाणी काढायचं बूच बसतं ते छिद्र, बूमचं (शिडाच्या खालच्या काठाच्या आडव्या दांड्याचं) टोक, मास्टच्या माथ्यावर दोर फिरतो ती चाकाची फट. तिथे ती मातीचं घर लिंपून ठेवते. माती वाळून विटेसारखी होते, आणि शीड अर्धं चढल्यावर दोर अडकला की मगच कळतं. मास्ट आडवा असतानाच बारीक तार घालून सगळी भोकं मोकळी करा आणि वरचं चाक बोटाने फिरवून बघा.

आता टाक्या. फायबरच्या एंटरप्राइजमध्ये पुढे आणि दोन्ही बाजूंना हवाबंद कप्पे असतात. होडी उलटून पूर्ण भरली तरी ती त्यांच्या जोरावर तरंगते. काही जुन्या होड्यांत कप्प्यांऐवजी हवेच्या पिशव्या बांधलेल्या असतात. तुमच्यात त्या असतील तर फुगवून रात्रभर ठेवा आणि सकाळी दाबून बघा. कप्पे असतील तर माझा पहिला प्रश्न असा: वर्षभर त्यांची झाकणं उघडी होती की बंद?

बंद होती असं निघालं तर गणित बघा. सकाळी 25 अंशांवर कोंडलेली हवा दुपारी 65 अंशांपर्यंत तापली तर तिचा दाब सुमारे 13 टक्क्यांनी वाढतो. ऐकायला थोडं वाटतं, पण टाकीच्या भिंतीवर तो दर चौरस मीटरला 1300 किलोपेक्षा जास्त जोर झाला. वरचा डेक आणि खालचं बूड हे वेगवेगळ्या साच्यांतून काढून कडेला चिकटवलेले असतात. रोज दुपारी तो जोड ताणला जातो, रोज रात्री सैल पडतो. त्यात फायबरला धरून ठेवणारा साधा पॉलिएस्टर रेझिन 60-70 अंशांच्या आसपास थोडा नरमू लागतो. अशा उन्हाळ्यानंतर जोडाला केसाएवढी फट पडली असेल तर नवल नाही. होडी वापरात नसताना झाकणं आणि बूच कायम उघडं ठेवायचं ते याचसाठी.

फट शोधायला महागडं काही लागत नाही. झाकणं घट्ट लावा, बुचाच्या छिद्रात रबरी नळी बसवा आणि तोंडाने फुंका. टाकी मोठी असेल तर सायकलचा पंप, तोही अगदी हळू. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर चुकूनही नको, जोड तिथेच उकलेल. दाब दिल्यावर नळी चिमटून धरा आणि दुसऱ्या कोणाला साबणाचं पाणी ब्रशने फिरवायला सांगा: डेकच्या कडेने, झाकणाच्या रिंगभोवती, मास्टच्या तारा जिथे अडकतात त्या पट्ट्यांच्या बोल्टांपाशी, सेंटरबोर्डच्या (बुडातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीच्या वरच्या काठाला. बुडबुडे आले तिथे पेन्सिलने खूण करा. हे काम सकाळी सावलीत करा, उन्हात साबण लगेच वाळतो आणि बारीक बुडबुडा सुटून जातो. झाकणाचं रबर कडक होऊन चपटं पडलं असेल तर आधी ते बदला. निम्म्या गळती तिथेच थांबतात.

याच हवेची उलटी बाजूही आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. दुपारी तापलेली होडी थंड पाण्यात ढकलली की टाकीतली हवा आकसते. 50 अंशांवरून 25 वर आली तर 100 लिटरच्या टाकीत साडेसात लिटरची जागा रिकामी व्हायला बघते, आणि ती जागा भरायला फट मिळेल तिथून पाणी आत ओढलं जातं. उतरवण्याआधी होडी अर्धा तास झाडाखाली उभी करा, वरून चार-सहा बादल्या पाणी ओता, टाक्या उघडून हवा थंड होऊ द्या, मग झाकणं आणि बूच लावा. ट्रॉलीच्या चाकांनाही हाच नियम. रस्त्यावरून तापून आलेला हब लगेच पाण्यात घातला तर बेअरिंगमध्ये पाणी खेचलं जातं आणि ग्रीस खराब होतं. आल्यावर आधी चहा घ्या, मास्ट जोडा, तोवर हब निवतात.

बूड तपासायला एक रुपयाचं नाणं पुरतं. वीतभर अंतरावर ठोकत चला. चांगल्या फायबरचा आवाज टणक येतो, आतून थर सुटला असेल तिथे तो बसका, मेल्यासारखा होतो. मास्ट टेकतो ती जागा, सेंटरबोर्डची पेटी, रडरचे बोल्ट आणि ट्रॉलीच्या पट्ट्यांवर जिथे वर्षभर भार राहिला ती जागा, इथे जास्त वेळ द्या. वरच्या जेलकोटवर (फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर) कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतील आणि नाण्याचा आवाज स्वच्छ असेल तर त्या यंदा तशाच राहू द्या. बोटाने दाबल्यावर पृष्ठभाग आत जात असेल तर मात्र तो भाग घासून उघडा करावा लागेल.

दुरुस्ती नागपुरात सहज होते. पाण्याच्या टाक्या, दरवाजे बनवणारे फायबरवाले मॅट (काचतंतूंचं कापड) आणि रेझिनचं काम उत्तम जाणतात. त्यांना चार गोष्टी सांगा. मोटारीची बॉडी पुट्टी बुडाला वापरायची नाही, ती पाणी पिते. बाथरूमचं सिलिकॉन कुठेही लावायचं नाही, कारण पुढे त्या जागी रेझिन धरत नाही. फिटिंग बसवायला पॉलियुरेथेन सीलंट घ्या. आणि काम सकाळी आठच्या आत, सावलीत. उन्हात रेझिन भांड्यातच जमतो, म्हणून तो जमवणारा हार्डनर रेझिनच्या वजनाच्या एक टक्क्याच्या जवळ ठेवायचा. त्याहून कमी केला तर आतून कच्चं राहतं. जेलकोटचा शेवटचा हात हवेमुळे चिकट राहतो, त्यावर पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून चिकटवला की नीट वाळतो.

हे काम तुम्ही स्वतः करणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दुकानदार रेझिनसोबत जांभळा कोबाल्ट आणि पाण्यासारखा दिसणारा हार्डनर अशा दोन बाटल्या देतो. या दोन्ही एकमेकांत कधीही थेट मिसळायच्या नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी पूर्ण रेझिनमध्ये ढवळून घ्या, हार्डनर त्यानंतर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे चष्मा चढवल्याशिवाय बाटली उघडू नका. चुकून गेलाच तर डोळा धरून वाहत्या पाण्याखाली किमान 15 मिनिटं, आणि तिथून थेट दवाखाना.

अँटीफाउलिंग घेऊ नका. ज्या होड्या महिनोन्महिने समुद्रात नांगरलेल्या असतात त्यांच्या बुडाला शिंपल्यांसारखे समुद्री जीव चिकटू नयेत म्हणून तो रंग असतो. त्यात बहुधा तांब्याची संयुगं असतात आणि ती हळूहळू पाण्यात उतरतात. तुमची होडी संध्याकाळी ट्रॉलीवर परत येणार, तिला त्याची गरज नाही, आणि गोड्या पाण्याच्या तलावात तांबं सोडायला मलाही आवडणार नाही. तळाला हिरवट शेवाळी थर आलाच तर ओल्या फडक्याने निघतो. उन्हाने पांढुरका, खडूसारखा झालेला जेलकोट रबिंग कंपाऊंडने घासून वर मेण लावा. बाहेरून एवढं पुरे.

रडर ट्रान्समला (होडीच्या मागच्या सपाट भिंतीला) ज्या कड्या-खिळ्यांवर लटकतो त्या हाताने जोरात हलवा. भोकं लांबट झाली असतील किंवा बोल्ट फिरत असतील तर आतून मोठा वॉशर किंवा पट्टी लावून पुन्हा कसा. रडर वर सरकून निघू नये म्हणून तिथे स्टीलची छोटी पट्टी असते. ती तुटलेली असेल तर होडी उलटल्याक्षणी रडर निसटून जातो. लाकडी रडर-ब्लेड आणि सेंटरबोर्ड आपल्या कोरड्या हवेत हमखास तडकतात, त्यातही प्लायचे थर कडेला उकलतात. उघडलेली कड वाळू द्या, इपॉक्सी भरा, घासा, आणि उन्हाला टिकणाऱ्या वॉर्निशचे तीन हात द्या.

मास्ट दोन स्टुलांवर आडवा ठेवून एका टोकाकडून नजर लावा आणि हळूहळू फिरवत वाक बघा. होडी समुद्राकडून आलेली आहे, म्हणून ॲल्युमिनियम आणि स्टीलच्या सांध्यांपाशी पांढरी भुकटी दिसेल. समुद्राच्या मिठाने दोन धातूंच्या सांध्याला लागलेला हा गंज आहे. गोड्या पाण्याने खळखळून धुवा, रिव्हेट नखाने हलवा, हलणारे बदला.

तारांवरून उघडा हात फिरवू नका. कापसाचा बोळा घेऊन वरपासून खालपर्यंत ओढा. जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथे तारेचा एक धागा तुटलेला आहे. बहुतेक वेळा ही जागा टोकाला दाबून बसवलेल्या स्टीलच्या नळीच्या अगदी तोंडाशी सापडते. एक धागा तुटला की ती तार बाद. चिकटपट्टी गुंडाळून हंगाम काढायचा विचार करू नका. दोन्ही बाजूंच्या आणि पुढची अशा तीनच तारा मास्टला धरून असतात, त्यातली एक सुटली की तो माणसांवर कोसळतो. तुमच्या बजेटमधला मोठा खर्च करायचाच झाला तर इथे करा. पिना आणि रिंगा नव्या घाला, त्या फार स्वस्त आहेत.

दोरांचं लवकर उरकतं. पीळ उलगडून आतले तंतू बघा, भुकटी पडत असेल तर फेका. इतवारीत मिळणारा पिवळा-निळा प्लास्टिकचा दोर उन्हाने वर्षभरात ठिसूळ होतो, तो नको. नायलॉन ताणला जातो, तो नांगराला किंवा ओढून न्यायला चांगला. शीड चढवायला आणि ओढायला पॉलिएस्टरचाच दोर घ्या.

शिडाबद्दल. एंटरप्राइजची शिडं निळी, 1956 मध्ये जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराने ही होडी आखली तेव्हापासूनची ती ओळख आहे. निळा फिका पडला म्हणून शीड बाद होत नाही. शीड सावलीत सतरंजीवर पसरा आणि शिवणीचा दोरा नखाने खरवडा. उन्हात कापडाआधी दोरा मरतो, कारण तो वर उघडा असतो. नखाने दोरा तुटत असेल पण कापड काठाला ताणून फाटत नसेल, तर फक्त शिवण पुन्हा मारून घ्या. ट्रकच्या ताडपत्र्या आणि रेक्झिन शिवणारे कारागीर हे काम करतात. दोरा पॉलिएस्टरचा आणि टीप झिगझॅग, एवढं बजावून सांगा. सुती दोरा एका पावसात कुजतो. तिन्ही कोपरे आणि पट्ट्या सरकवायचे खिसे आधी तपासा. धुवायला साधं पाणी. ब्लीच नको, इस्त्री तर नकोच.

खिंडसीला जाण्याआधी दोन-तीन गोष्टी. तलाव सिंचनाचा आहे, तिथे पर्यटकांसाठी नौकाविहारही चालतो, त्यामुळे खाजगी होडी उतरवायला लेखी परवानगी आधी घ्या. कुठून उतरायचं, कुठल्या बाजूला जायचं नाही हेही तिथेच विचारा. कामठी, कन्हान, मनसर करत जाताना मास्टचं मागे निघालेलं टोक लाल फडक्याने झाका आणि टायरच्या बाजूंना भेगा नाहीत ना हे घरूनच बघा. उभ्या गाडीचे टायर आपल्या उन्हात आतून खलास होतात.

फाल्गुन-चैत्रात तलावाचं पाणी उतरायला लागतं. दिवाळीत ज्या खडकावर पुरुषभर पाणी होतं तो आता सेंटरबोर्डला लागेल इतका वर असतो. हे नकाशात दिसत नाही. तिथले ढिवर बांधव मात्र रोज जाळं टाकतात, त्यांना खुंट आणि खडक तंतोतंत ठाऊक असतात. उतरण्याआधी त्यांच्यापैकी कोणाला तरी नमस्कार करून विचारा, आणि त्यांची जाळी कुठे लागली आहेत हेही विचारून घ्या.

मास्ट उभा करण्याआधी वर बघा. हे मी सगळ्यात कळकळीने सांगतोय. मास्ट सुमारे सहा मीटर, त्यात ट्रॉलीची उंची, आणि ॲल्युमिनियम विजेचा उत्तम वाहक. तलावाकाठी शेतपंपांच्या तारा झोळ पडून खाली आलेल्या असतात. जिथे मास्ट उभा कराल तिथपासून पाण्यापर्यंतची पूर्ण वाट आधी पायी चालून वर बघत या. एक जरी तार आडवी असेल तर मास्ट पलीकडे जाऊनच उभा करा.

वाऱ्यासाठी होळीनंतरचा काळ चांगला. थंडीत आपल्याकडे वारा मरगळलेला असतो, मार्चपासून दुपारी पश्चिम-वायव्येकडून तो धरायला लागतो. पण हेच दिवस अवकाळीचे आणि गारपिटीचेही असतात. ढग काळवंडायच्या आधी वारा एकदम पडतो आणि मग दुसऱ्याच दिशेने झोडपतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा. आसपास वीज पडतेय असं दाखवलं, किंवा नुसता गडगडाट ऐकू आला, तरी किनारा गाठा आणि मास्टपासून दूर व्हा.

पहिला दिवस फिरायचा नाही, तपासायचा. सकाळी, वारा हलका असताना, कमरेएवढ्या पाण्यात शीड न लावता होडी मुद्दाम आडवी पाडा. दहा मिनिटं एका कुशीवर, दहा दुसऱ्या कुशीवर धरून ठेवा, मग बाहेर ओढून बूच काढा. पेलाभर पाणी निघालं तर हरकत नाही. बादलीभर निघालं तर शीड गाडीतच राहू द्या, घरी जाऊन पुन्हा साबण फिरवा. टाकी कोरडी निघाली तर तुमच्या जोडीदाराबरोबर होडी उलटवून सरळ करायचा सराव तिथेच करा, दोघांनाही सेंटरबोर्डवर चढून ती वर आणता आली पाहिजे. मगच शीड चढवा, आणि काठावर वल्ह्याची किंवा मोटारीची एक होडी हाकेच्या अंतरावर तयार असू द्या.

मुलीला या पहिल्या दिवशी होडीत घेऊ नका. काठावर राहून तिला सगळं बघू द्या, हवं तर साबणाचा ब्रश आदल्या आठवड्यात तिच्याच हातात द्या. टाक्या कोरड्या निघाल्या आणि तुम्हा दोघांचा सराव झाला की पुढच्या खेपेला न्या. तिचं जॅकेट तिच्या वजनाचं हवं, मोठ्याचं पट्टे आवळून चालत नाही, ते पाण्यात वर सरकून डोक्यावरून निघतं. आत 50 न्यूटन (पाण्यात वर उचलण्याचा जोर) लिहिलेलं जॅकेट चांगलं पोहता येणाऱ्यांसाठी असतं. तिला नीट पोहता येत नसेल तर 100 किंवा त्यावरचं घ्या, कॉलर असलेलं, पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचं. घेतलं की आधी तलावाच्या काठाशी, तुमच्या हाताशी, उथळ पाण्यात घालून तिला पाठीवर तरंगू द्या.